जाताना रिकामी पाठ

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत विंटर टायर्सच्या गोष्टी सुरू होतात. कुणी बेसमेंटमधून बर्फ काढायचं शोव्हल वर आणून ठेवतो, कुणी पानांच्या कागदी पिशव्या भरून कडेला लावतो. मी गराजचं दार उघडतो आणि वर बघायचं टाळतो. वर छताच्या हुकाला एक भलीमोठी निळी बॅग टांगलेली आहे. तीन हिवाळे तिनं तिथंच काढले. तिला अजून सीडरच्या झाडांचा वास येतो, आणि त्या वासाच्या खाली, अगदी तळाशी, लिंबाच्या लोणच्याच्या तेलाचा.

यंदा वर बघावं लागलं, कारण ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या ग्वेल्फला राहतात, आमच्या किचनरपासून अर्ध्या तासावर. त्यांचे यजमान सुभाषराव हे माझे साडू. दोघेही आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, पण ते शेतीशास्त्रातली मोठी पदवी घेऊन विमानातून उतरले आणि सोयाबीनच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत बसले. मी बारावीनंतर शाहूपुरीत गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, हमाली केलेला माणूस. इथं येऊन आधी ट्रक चालवला, मग बंद पडलेल्या रेस्टॉरंटांची भांडी, फ्रीजर, भट्ट्या विकत घेऊन नव्या रेस्टॉरंटवाल्यांना विकू लागलो. आता दुकान स्वतःचं आहे. सासऱ्यांनी मात्र मरेपर्यंत एका जावयाला "डॉक्टरसाहेब" म्हटलं आणि दुसऱ्याला "आमचे धाकटे". हे मी विसरलेलो नाही. विसरायचा माझा स्वभावच नाही.

ताई म्हणाल्या, "ह्यांनी धनुष्य विकायला काढलंय. पाठ आता नको म्हणतीय. पाव्हण्यांना सांग म्हणाले, भाव तेच बरा आणतील."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला राग आला. तीन दिवाळ्या ज्या माणसानं भरल्या घरात माझी थट्टा केली, त्याला आता माझी जीभ वापरून गिऱ्हाईक गाठायचं होतं. राग माझा लवकर येतो, धंद्यात तो उपयोगाला पडतो. समोरचा भाव सोडत नसेल तर मी भडकून दारापर्यंत जातो, आणि दारात पाय ठेवला की तो मागून हाक मारतो. पण या रागानं मला कुठल्याच दारापर्यंत नेलं नाही. तो गराजमध्येच उभा राहिला, निळ्या बॅगेखाली. आणि मग त्याच्या मागून, नेहमीसारखी हळू चालत, लाज आली.

*

धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायची परवानगी इथं ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मिळते. आमच्या घरी मात्र मोसम पंचांगावर सुरू होतो. ताईंचे नवरात्राचे नऊ दिवस. त्या दिवसांत घरात मांस नाही, आणि धनुष्याला हातही नाही. खंडेनवमीला गराजमध्ये टेबल मांडून धनुष्याची पूजा होते, बाणांच्या पात्यांना हळदकुंकू लागतं, शेजारी सुभाषरावांचा सुरा, दोर आणि पाठीवरची बॅग. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या पहाटे सुभाषराव उत्तरेला निघतात. याला ते शिलंगण म्हणतात. गावाकडं सीमेबाहेर जाऊन सोनं लुटून आणायचं, इथं दोन तास गाडी हाकून सीडरच्या दलदलीत जायचं. प्रयोगशाळेत त्या दिवसाची त्यांची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेली असते.

ते करतात तर मी का करू नये, एवढ्याच कारणानं मी या छंदात पडलो. शिकारीचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, लायसन्स काढलं, बेसमेंटमध्ये टारगेट लावून खांदे दुखेपर्यंत बाण सोडले. नेम माझा वाईट नाही. माझी गाडी अडली ती बॅगेपाशी.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात सुभाषराव मला एका दुकानात घेऊन गेले होते. त्यांना नवी बॅग घ्यायची होती. मी त्यांना बॅग घेताना बघितलं आणि मला हसू आवरेना. त्यांनी कापडावर नख ओढून आवाज ऐकला. थंडीत काही कापडं कुरकुरतात, हरणाला ते शंभर पावलांवरून कळतं. वेल्क्रो असलेल्या सगळ्या बॅगा त्यांनी बाजूला सारल्या. बकल हळूच लावता येतं का ते पाहिलं. मग दुकानदाराकडून वाळूच्या पिशव्या मागून घेतल्या, बॅगेच्या पाठीला जो धातूचा सांगाडा असतो त्याला आवळून बांधल्या आणि कमरेचा पट्टा लावून दुकानभर हिंडले. जिना चढले, उतरले, खाली बसले, उठले. बॅगेची पिशवी लहान, सांगाडा दणकट. सांगाडा आणि पिशवी यांच्यामध्ये मोकळी जागा. मी म्हटलं, एवढ्या पैशात एवढीशी पिशवी, हे तर शेंगांपेक्षा टरफलं महाग झालं. ते म्हणाले, "पाव्हणं, जाताना पाठ रिकामीच असाय पायजे. बॅग घ्यायची ती येतानासाठी."

मला ते बोलणं शहाणपणाचं नाही, श्रीमंतीचं वाटलं.

माझी बॅग मी पुढच्याच आठवड्यात एका पार्किंग लॉटमध्ये घेतली. विकणारा गोरा गाव सोडून चालला होता, घाईत होता, आणि घाईतला माणूस मला लांबून वास यावा तसा कळतो. बॅग ट्रेकिंगची होती, महिनाभर डोंगरात राहणाऱ्यांची. निळी, उंच, कमरेपासून डोक्याच्या वर जाणारी. मी भाव पाडला, मग भडकलो, मग गाडीपर्यंत गेलो. शेवटी त्यानं बॅगेबरोबर गॅसची छोटी शेगडी, घडीचं स्टूल, कुऱ्हाड आणि ताडपत्रीही दिली. घरी येऊन मी सगळं हॉलमध्ये मांडलं. माझी मुलगी फोनवरून मान वर न करता म्हणाली, "इट्स जस्ट अ बॅग, बाबा." मी तिला म्हटलं, ही बॅग नाही, हा सौदा आहे.

आपल्या माणसांना रिकामी जागा बघवत नाही. भारतात जायचं म्हटलं की आमच्या घरी आधी हँडलला अडकवायचा वजनकाटा निघतो. विमानात जेवढं वजन नेऊ देतात तेवढं भरल्याशिवाय चेन लागत नाही. अर्धा किलो उरला तर बदामाचं पाकीट, पावशेर उरला तर साबण. वजनाची मर्यादा आम्हाला हक्कासारखी वाटते, वापरली नाही तर बुडाली. मी या कामातला वस्ताद. आमच्या ओळखीतली पोरं-पोरी पहिल्यांदा घरी जायला निघाली की बॅगा माझ्याकडून भरून घेतात. निळी बॅगही मी तशीच भरली. जड तळाला, मऊ कडेला, मोज्यांत बाटली, कुकरात चिवडा. हो, छोटा कुकर होता. दलदलीत खिचडी करायची म्हणून. लोणच्याची बरणी टॉवेलात. दुसरा थर्मास. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही एका दिवसासाठी चाललाय." मी म्हटलं, असू दे, लागतं.

आणि गुळाच्या अड्ड्यावर मी काय शिकलो होतो? रवा पाठीवर घेताना खिशात सुपारीही ठेवायची नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. ते शिक्षण कुठं गेलं कोण जाणे. बहुतेक स्वतःच्या पैशानं घेतलेल्या पहिल्या सुटकेसबरोबर गेलं.

*

सप्टेंबरभर सुभाषराव नव्या बॅगेला बासमतीचं पोतं बांधून ग्वेल्फच्या नदीकाठच्या वाटेवर चालत असत. संध्याकाळी, ऑफिसचे कपडे बदलून. ओळखीचे पंजाबी काका विचारायचे, डॉक्टरसाब, चावल कहाँ ले जा रहे हो? ते म्हणायचे, घुमाने. एकदा मीही सोबत गेलो होतो. चालता चालता ते सांगत होते की वजन सांगाड्याला आणि पाठीला चिकटून हवं, खांद्यांच्या मध्ये, लोंबतं असलं तर माणूस मागं ओढला जातो. पट्टा कमरेच्या हाडांवर, खांद्यावर फक्त तोल. लागणाऱ्या वस्तू, म्हणजे वाऱ्याची दिशा बघायची पावडर, हातमोजे, दोर, हाताला न बघता सापडल्या पाहिजेत. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, डॉक्टरसाहेबांना पिशवी उचलायलासुद्धा व्याख्यान लागतं.

दसऱ्याच्या पहाटे त्यांच्या ट्रकमध्ये मी निळी बॅग टाकली तेव्हा मागचं चाक किंचित बसल्यासारखं वाटलं. सुभाषरावांनी ते बघितलं. एवढंच म्हणाले, "मुक्कामाला निघालायसा काय?"

त्या दिवशीचं काय काय आठवतं. अंधारात सीडरच्या सालीचा ओला वास. कंबरेला टेकणारे आडवे पडलेले ओंडके. काळं पाणी, त्यावर तरंगणारी पिवळी पानं. माझ्या बॅगेला अडकणारी प्रत्येक फांदी. सुभाषराव पुढं होते, आणि त्यांच्या पाठीवर जणू काहीच नव्हतं, नुसता सांगाडा आणि हातात धनुष्य. मी मागून धापा टाकत होतो. उजाडताना मी हातमोजे काढायला बॅगेचा कप्पा उघडला. तो वेल्क्रोचा होता. त्या शांततेत असा आवाज झाला, जणू कुणी नवं धोतर फाडावं. समोर झाडीत काहीतरी हललं, एक पांढरी शेपटी वर झाली, आणि उड्या मारत दिसेनाशी झाली. सुभाषराव झाडावरच्या मचाणावरून माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. तो त्यांच्याकडं नसतोच, हीच माझी अडचण आहे.

दुपार व्हायच्या आत त्यांच्या बाणानं एक नर पडला. फार पळाला नाही, दोन ओंडक्यांपलीकडं आडवा झाला. सुभाषरावांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, कपाळाला लावला, परवान्याचा टॅग बांधला आणि बाह्या वर केल्या.

ऊन तापलं होतं. आपल्याकडं ऑक्टोबर हीट म्हणतात तशी हवा होती, या देशात कधीतरीच येणारी. असल्या हवेत मांस टिकत नाही, आणि शिकार करून मांस नासू देणं यासारखं हलकट काम नाही, हे सुभाषरावांनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. दलदलीतून हरीण ओढत नेणं शक्य नव्हतं. त्यांनी भराभर तुकडे केले, ताईंनी दिलेल्या उशीच्या सुती अभ्र्यांत भरले आणि मला म्हणाले, "पाव्हणं, बॅग मोकळी करा. मागचे दोन पाय तुमच्याकडं, बाकी माझ्याकडं. एका फेरीत गाडी गाठू."

मी बॅग मोकळी करायला घेतली. शेगडी काढली, शेवाळावर ठेवली. स्टूल. कुऱ्हाड. ताडपत्री. कुकर. बरणी. थर्मास, दुसरा थर्मास. बघता बघता जत्रेतल्या दुकानासारखी मांडामांड झाली. सुभाषरावांनी ती पाहिली आणि म्हणाले, हे इथं झाडाला टांगून ठेवू, रविवारी येऊन नेऊ.

मी म्हटलं, "आणि कुणी नेलं तर?"

त्यांनी सगळीकडं बघितलं. सीडर, पाणी, एक खार.

"कोण न्हेणार हो?"

कुणी नेणार नाही, हे मलाही दिसत होतं. पण माझा हात शेगडीवर होता आणि तो तिथून उचलला जात नव्हता. मी सामान बाहेरून बांधायचा प्रयत्न केला, ते घसरलं. पुन्हा बांधलं. ऊन वर चढत होतं आणि अभ्र्यांवर माश्या यायला लागल्या होत्या. सुभाषराव माझ्या हाताकडं बघत होते. त्या हातानं किती वस्तू किती जणांकडून ओढून घेतल्यात ते त्यांना माहीत होतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बरं. तुम्ही सामानापाशी बसा. मी फेऱ्या मारतो."

आणि मी बसलो.

एसटी स्टँडवर आपण बसतो तसा. एक जण तिकिटाला जातो, एक जण सामानापाशी. ती वळणं आपल्या अंगात एवढी खोल आहेत की मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. माणसाचा माग नाही अशा दलदलीत, घडीच्या स्टुलावर, दोन थर्मासच्या मध्ये मी राखण करत बसलो. लांबून पाण्यात पाय रुतल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा. सुभाषराव पहिली फेरी करून आले तेव्हा मी शेगडीवर चहा केला होता, शेगडी उपयोगी आहे हे दिसावं म्हणून. ते दुसरं ओझं बांधून उभे होते. चहा त्यांनी उभ्यानंच घेतला, बॅग पाठीवर ठेवून. मी म्हटलं, टेका की जरा. ते म्हणाले, "टेकलो तर उठायचं न्हाई."

शेवटी मीही माझं सामान पुन्हा नीट भरून, एकही वस्तू मागं न ठेवता, गाडीपर्यंत आलो. सुभाषराव ट्रकच्या दाराला धरून उभे होते. मांस बर्फाच्या पेट्यांत गेलेलं होतं. त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली. हा माणूस आपला ट्रक बायकोलाही चालवू देत नाही. मी विचारायला हवं होतं, काय झालं. मी विचारलं, हायवेनं जायचं की आतल्या रस्त्यानं.

*

त्या वर्षीची दिवाळी ताईंकडं होती. तांबडा रस्सा त्याच हरणाचा होता, घरभर लवंग आणि मिरीचा वास कोंदला होता. माणसं भरपूर. पाठीला टेकायला उशी लावून सुभाषराव कोचावर बसले होते. प्रयोगशाळेत बियाण्याचं पोतं उचलताना पाठ धरली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ताईंनाही. मग कुणीतरी शिकारीचा विषय काढला आणि त्यांनी गोष्ट सांगितली. निळी बॅग, कुकर, लोणचं, स्टूल. "एका खारीवर पाव्हण्यांचा लई संशय होता. ती शेगडीवर डोळा ठेवून होती म्हणत्यात." माणसं डोळे पुसून हसली. माझी मुलगी हसली. बायको पदर तोंडाला लावून हसली. मी ताट अर्धं टाकून उठलो.

पुढच्या दिवाळीला तीच गोष्ट, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. मी जंगलात जाणं सोडलं, सुभाषरावांशी कामापुरतं बोलू लागलो, आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, थट्टेलाही काही मर्यादा असते.

राग उचलायला हलका असतो, त्याला मुठी असतात. लाजेला कुठं धरायचं तेच कळत नाही. म्हणून मी तीन वर्षं राग वाहिला. पण ताईंचा फोन ठेवल्यावर निळ्या बॅगेखाली उभं राहून मला ते सरळ दिसलं, जे मला ट्रक चालवताना त्या दुपारीच दिसलं होतं. त्या गोष्टीत कुकर आहे, खार आहे, स्टुलावर बसलेला वेडा साडू आहे. लोक स्टुलाकडं बघून इतके हसतात की हरीण दलदलीतून बाहेर कुणी आणलं आणि पाठ नेमकी कुठं धरली, हे कुणीच विचारत नाही. सुभाषरावांनी ती गोष्ट तशी बांधली आहे. माझ्या वाटचं ओझं त्यांनी त्या दिवशी वाहिलं आणि दर दिवाळीला ते पुन्हा वाहतात, मी पडद्याआड राहावं म्हणून. आणि मी त्याचाच राग धरून बसलो. सौद्यात एवढं आंधळेपण मी दुसऱ्याचं बघितलं असतं तर त्याला सोललं असतं.

*

खंडेनवमीच्या सकाळी दुकानातल्या हातगाडीला हळदकुंकू लावलं आणि तसाच ग्वेल्फला निघालो. सोबत बॅग होती. आदल्या आठवड्यात घेतलेली, सांगाड्याची, करड्या रंगाची, लहान पिशवीची. घासाघीस केली, खोटं का बोलू. पण आधी वाळूच्या पिशव्या बांधून दुकानाचा जिना चढलो-उतरलो, दुकानदार कंटाळेपर्यंत.

सुभाषराव गराजमध्ये खुर्चीवर बसले होते. टेबलावर हिरवं कापड, त्यावर धनुष्य. प्रत्यंचेला मेण लावून, पुसून, विकायला काढलेल्या वस्तूसारखं लखलखीत केलेलं. ताई आत नैवेद्याच्या गडबडीत होत्या.

"गिऱ्हाईक कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गिऱ्हाईक नाही. उद्या शिलंगणाला तुम्ही यायचं, बाण तुम्ही सोडायचा, हातात फक्त धनुष्य. पाठीवर जे यायचं ते माझ्या. दोन फेऱ्या लागू देत नाहीतर चार. मचाण नको, जमिनीवर बसू.

ते माझ्या बॅगेकडं बघत राहिले. मग खुर्चीचा हात धरून हळू उठले आणि बॅग दोन बोटांनी उचलली. खाली ठेवली. चेन उघडून आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत. कडेचे खिसे चाचपले, खालचा कप्पाही.

"लोणचं कुठाय?"

"घरी."

"खिचडी?"

"तुम्ही कराल ती दोघं खाऊ. परत आल्यावर."

त्यांनी कोपऱ्यातलं बासमतीचं पोतं पायानं माझ्याकडं सरकवलं. मी ते सांगाड्याला बांधलं, आवळलं, पाठीवर घेतलं. वजन अंगावर आलं तसे गुडघे ओळखीचे वाटले, शाहूपुरीतले. सुभाषराव माझ्या समोर आले. वाकता येत नव्हतं म्हणून त्यांनी एक हात टेबलावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं माझ्या कमरेचा पट्टा चार बोटं खाली ओढला.

"हितं. हाडावर."

मी इतक्या जवळून त्यांचा चेहरा बरेच दिवसांत बघितला नव्हता. मी म्हटलं, "सुभाषराव, दिवाळीला ती गोष्ट सांगा."

"राग येतोय न्हवं तुम्हाला?"

"सांगा. पण यंदा पुरी सांगा. गाडीपर्यंतची."

आतून ताईंचा आवाज आला, पूजेला चला म्हणून. सुभाषरावांनी पट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि खेचून घट्ट केलं.

"पुरी सांगितली तर कुणाला हसू येत न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले, आणि टेबलावरचं धनुष्य उचलून पूजेसाठी माझ्या हातात दिलं.